पहिला वॉर्ड कोणता घ्यावा?



नर्सिंगचा निकाल लागला की माझा फोन दरवर्षी दोनदा वाजतो. पहिल्यांदा आनंदाची बातमी असते. दुसऱ्यांदा, पंधरा-वीस दिवसांनी, आवाज जरा दबलेला असतो. "मॅडम, इंटरव्ह्यूला गेले होते. विचारलं, कोणत्या वॉर्डात काम करायला आवडेल? मी गप्पच बसले. काय सांगायचं असतं?"

चार वर्षांचे बी.एस्सी. नर्सिंग किंवा तीन वर्षांचे जीएनएम करून बाहेर पडलेल्या मुलीला हा प्रश्न पडावा यात नवल नाही. शिकताना ती बहुतेक सगळ्या वॉर्डांत काही आठवडे जाऊन आलेली असते, पण विद्यार्थिनी म्हणून. मागे कोणीतरी सिस्टर उभी असते. आता तिला महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी क्रमांक मिळतो आणि औषधाच्या कागदावर तिची स्वतःची सही पडते. पाड्यावरच्या घरात याबाबत सल्ला देणारे कोणी नसते. मग ती मंडळीत विचारते, पाळकसाहेबांना विचारते, शिक्षणाला हातभार लावणाऱ्या तुमच्यासारख्यांना विचारते. आणि आपण काय सांगतो? "मोठं हॉस्पिटल घे." "आयसीयू घे, पगार चांगला." सांगणाऱ्याचे मन चांगले असते, पण वॉर्डावॉर्डात काय फरक असतो हे त्याला ठाऊक नसते. नर्स ती नर्स, वॉर्ड कोणता का असेना, असेच बहुतेकांना वाटते. म्हणून हा विषय यावेळी जरा सविस्तर लिहिते.

यंदा ज्या मुलीने फोन केला ती नवापूर तालुक्यातली, मावची घरातली. घराण्यात बारावीच्या पुढे गेलेली पहिली. तिच्याकडे दोन पत्रे होती. एक मोठ्या शहरातल्या खाजगी रुग्णालयाचे. तिथे आयसीयूत जागा, वर दोन वर्षांचा बाँड. दुसरे आपल्याच भागातल्या एका लहान रुग्णालयाचे. तिथे वेगळे वॉर्ड असे नाहीत, जे येईल ते करायचे. पगारात महिन्याला सहा हजारांचा फरक. तिच्या शेवटच्या वर्षाच्या फीसाठी वडिलांनी नातेवाइकांकडून पैसे उसने घेतले होते आणि त्यासाठी बैलजोडीही विकली होती. त्यामुळे सहा हजार ही तिच्या घरात लहान गोष्ट नव्हती. भाऊ म्हणत होता, आयसीयू. आई म्हणत होती, जवळ राहा. वडील मला म्हणाले, "बाई, तुम्ही सांगाल तसं."

माझ्या मनात उत्तर तयार होते. लहान रुग्णालय. मी स्वतः अशाच रुग्णालयात बावीस वर्षे काम केले, म्हणून ते लगेच सुचले. पण मी ते लगेच बोलले नाही, कारण माझा स्वतःचा पहिला वॉर्ड आठवला.

1996 साली मी पास झाले आणि एका शहरात खाजगी रुग्णालयाच्या आयसीयूत लागले. कोणी निवड विचारलीच नाही. तिथे जागा रिकामी होती. मला मात्र अभिमान वाटला. पाच-सहा दिवस एका सीनियर सिस्टरबरोबर फिरले, आणि तिसऱ्या आठवड्यात नाईटला तीन रुग्ण माझ्या एकटीच्या हाती आले. त्यातले एक आजोबा न्यूमोनियाचे. मॉनिटरवर ऑक्सिजनचा आकडा 96 दिसत होता. मी दर तासाला तो आकडा तक्त्यात लिहीत होते. श्वास मोजायच्या रकान्यात मी 20 लिहीत होते, कारण आधीच्या ड्युटीनेही 20 लिहिले होते. पहाटे तीनच्या सुमारास सफाईच्या मावशी फडके घेऊन आल्या, आजोबांच्या पायाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "सिस्टर, बाबा धापा टाकतायत हो. घाम बघा केवढा." मी घड्याळ धरून पूर्ण मिनिट श्वास मोजले. 36 भरले. मोठ्या माणसाचे 12 ते 20 असायला हवेत. नाकाला ऑक्सिजन लावलेला होता म्हणून आकडा टिकून होता, पण माणूस थकत चालला होता. डॉक्टरांना बोलावले, त्यांना व्हेंटिलेटरवर घेतले. ते वाचले. दहा दिवसांनी घरी गेले. मी मात्र पुढच्या महिन्यात नोकरी सोडली, आणि नर्सिंगच सोडावे असे वर्षभर मनात घोळत राहिले.

पुष्कळ वर्षांनी कळले की यावर पुस्तके लिहिली गेली आहेत. मार्लिन क्रेमर या अमेरिकन परिचारिकेने 1974 साली नव्या परिचारिकांना बसणाऱ्या या धक्क्यावर अख्खे पुस्तक लिहिले : शाळेत शिकवलेले काम आणि वॉर्डात प्रत्यक्ष करावे लागणारे काम यांतले अंतर पाहून किती जणी मोडून पडतात, किती जणी पेशाच सोडतात. त्यानंतर 1984 मध्ये पॅट्रिशिया बेनर यांनी परिचारिका नवशिकी ते निष्णात कशी होते याच्या पाच पायऱ्या मांडल्या. त्यातल्या दोन गोष्टी मी माझ्या विद्यार्थिनींना नेहमी सांगत आले. एक, त्याच किंवा तशाच वॉर्डात साधारण दोन-तीन वर्षे गेल्यावर परिचारिका सक्षम म्हणावी अशी होते. दुसरी, वॉर्ड बदलला की अनुभवी परिचारिकाही तिथे पुन्हा नवशिकीच असते. म्हणजे पहिल्या तीन महिन्यांत हात थरथरला तर त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. लाज वाटायला हवी ती त्या मुलीला एकटी सोडणाऱ्यांना.

आता वॉर्डांविषयी.

सर्वांत कमी मागणी असलेला वॉर्ड म्हणजे मेडिकल वॉर्ड. मुली तोंड वाकडे करतात. तिथे चकाकणारी यंत्रे नसतात, म्हातारी माणसे असतात, बेडपॅन असते, दहा-दहा रुग्णांची औषधे एकाच वेळी द्यायची असतात. पण नर्सिंगचा पाया इथेच पडतो असे माझे ठाम मत आहे. एका बाजूला मलेरिया, दुसऱ्या बाजूला क्षयरोग, कोपऱ्यात हृदयाचा रुग्ण, त्याच्याशेजारी मधुमेहाने पाय सुजलेली बाई. कोणाकडे आधी जायचे हे रोज वीस वेळा ठरवावे लागते. यंत्र नसल्यामुळे डोळ्यांनी पाहावे लागते, हातांनी नाडी धरावी लागते, घड्याळ लावून श्वास मोजावे लागतात. रुग्ण खालावत जातो तेव्हा पुष्कळदा रक्तदाब पडण्याच्या आधी श्वास आणि नाडी बदलतात. हे पुस्तकात एका ओळीत असते. ते अंगात मुरायला शंभर रुग्ण पाहावे लागतात.

आपल्या भागाचे उदाहरण देते. नंदुरबारमध्ये भिल्ल, पावरा, मावची घरांत सिकलसेल पुष्कळ आढळतो. 2023 च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले, तपासण्या वाढल्या, कार्डे वाटली गेली. पण सिकलसेलचा मुलगा रात्री दोन वाजता हाडे दुखतात म्हणून कळवळत येतो, तेव्हा वरून काहीच दिसत नाही. ताप नाही, जखम नाही, सूजही नसेल. नवखी सिस्टर म्हणते, नाटक करतोय. ज्या सिस्टरने मेडिकल वॉर्डात असे पाच-सात रुग्ण पाहिले आहेत ती दुखणे खरे मानते, ऊब देते, पाण्याचे प्रमाण पाहते, डॉक्टरांना सांगून वेदनाशामक वेळेवर सुरू करून घेते, आणि छातीत दुखू लागले किंवा दम लागला तर तो वेगळा धोका आहे हे ओळखून पुन्हा डॉक्टरांना उठवते.

सर्जिकल वॉर्ड हा त्याचा सख्खा भाऊ. ड्रेसिंग, टाके, नळ्या, ऑपरेशननंतरचे पहिले चोवीस तास. हाताची स्वच्छता आणि निर्जंतुकपणा इथे अंगवळणी पडतो. ऑपरेशन झालेला रुग्ण फिकट दिसतोय, नाडी वाढतेय, पण रक्तदाब अजून बरा आहे, अशा वेळी आत रक्तस्राव होत असेल ही शंका ज्या मुलीला येते ती पुढे कुठेही निभावते.

आयसीयूला मी वाईट म्हणत नाही. एक किंवा दोन रुग्ण, त्यांचा प्रत्येक तास, प्रत्येक औषधाचा प्रत्येक थेंब. इतके खोल शिक्षण दुसरीकडे मिळत नाही. परदेशी जायचे असेल त्यांना तिथल्या अनुभवाला मागणी असते, हेही खरे. पण आयसीयू नव्या मुलीला केव्हा चांगले? जेव्हा दोन-तीन महिने एकच अनुभवी सिस्टर तिच्यासोबत ठेवली जाते, आणि व्हेंटिलेटरवरच्या एका रुग्णामागे एक परिचारिका हा निकष खरोखर पाळला जातो. जिथे तीन रुग्ण आणि एक नवखी मुलगी असते तिथे ती मॉनिटरकडे पाहायला शिकते, माणसाकडे नाही. मी तशीच शिकले होते.

नवजात बालकांचा विभाग पुष्कळ मुलींना आवडतो, बाळे आवडतात म्हणून. तिथे गेल्यावर कळते की दीड किलोच्या बाळाच्या औषधात दशांशचिन्ह एक घर सरकले तर मात्रा दहापट होते. ज्या मुलीला गणिताची धास्ती आहे तिने तिथे जाऊ नये असे मी म्हणणार नाही. प्रत्येक मात्रा दुसऱ्या सिस्टरकडून तपासून घेण्याची पद्धत तिथे आहे का, हे मात्र आधी पाहावे. बाळाला आईच्या उघड्या छातीशी बांधून ऊब देण्याची कांगारू पद्धत तिथे शिकायला मिळते. ते ज्ञान ती गावी घेऊन आली तर त्याला यंत्रही लागत नाही, वीजही लागत नाही.

लेबर रूम वेगळीच. तिथे सगळे सुरळीत चालले असता दोन मिनिटांत सगळे पालटते. बाळ जन्मल्यावर पहिल्या मिनिटात रडले नाही तर हात आपोआप चालले पाहिजेत, आणि त्याच वेळी आईला रक्तस्राव किती होतोय याकडे लक्ष हवे. ज्या मुलींना पुढे पाड्यांजवळ काम करायचे आहे त्यांनी पहिल्या दोन-तीन वर्षांत काही महिने तरी लेबर रूममध्ये काढावेत.

कॅज्युअल्टीत साप चावलेले, कीटकनाशक प्यालेले, मोटरसायकलवरून पडलेले. घोणस की मण्यार हे रुग्ण सांगू शकत नाही. काचेच्या स्वच्छ कोरड्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटे न हलवता ठेवायचे आणि गोठते का पाहायचे, एवढ्या साध्या तपासणीवर पुढचे उपचार बऱ्याच अंशी ठरतात. ती नळी वीस मिनिटे कोणी हलवू नये यासाठी सिस्टरला आरडाओरड्यातही डोके शांत ठेवावे लागते. वर्षभर वॉर्ड केलेल्या मुलीला ते जमते. पहिल्याच महिन्यात सगळ्यांनाच जमेल असे नाही.

ऑपरेशन थिएटर, डायलिसिस, कॅथलॅब इथले काम अरुंद पण सखोल. थिएटरमध्ये रुग्ण बहुधा झोपलेला असतो. सुरुवातच तिथे झाली तर जागेपणी घाबरलेल्या माणसाशी बोलायची, त्याच्या नातेवाइकांना समजावायची सवय राहून जाते. नंतर जावे, खुशाल जावे.

एवढे सांगून झाल्यावर त्या मुलीने विचारले, "म्हणजे मॅडम, मेडिकल वॉर्डच ना?" मी म्हटले, "अगं, वॉर्डाचं नाव नंतर. आधी तुझ्याजवळ कोण उभं असणार ते विचार." मग आम्ही एका वहीच्या पानावर प्रश्न लिहून काढले. पहिले किती आठवडे अनुभवी सिस्टरसोबत ठेवणार? ती एकच असेल की रोज वेगळी? नाईटला एका परिचारिकेकडे किती रुग्ण? नाईटला अडले तर मदतीला येणारी अनुभवी सिस्टर त्याच मजल्यावर असते का? माणूस कमी पडला की दुसऱ्या वॉर्डात पाठवतात का, आणि पाठवले तर तिथले काम कोणी दाखवते का? चूक झाली तर ती सांगणाऱ्या मुलीचे काय होते? हा शेवटचा प्रश्न इंटरव्ह्यूत विचारता येत नाही. तो तिथे आधीपासून काम करणाऱ्या, कॉलेजच्या एखाद्या जुन्या मुलीला फोन करून विचारावा लागतो. खरे उत्तर तिथूनच मिळते.

पगाराचेही स्पष्ट विचारायला मी सांगते. आपल्याकडे सेवाभाव म्हटले की पैशाचे बोलायला संकोच वाटतो. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशावरून नेमलेल्या केंद्राच्या समितीने पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खाजगी रुग्णालयांतही परिचारिकेला महिन्याला 20,000 रुपयांहून कमी देऊ नये अशी शिफारस केली. त्याहून कितीतरी कमी पगारावर राबणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत, आणि त्यांतल्या काही आपल्यासारख्यांच्या संस्थांतही होत्या. बाँड असेल तर तो वाचल्याशिवाय सही करू नये. मूळ प्रमाणपत्रे कोणाकडे ठेवायला देऊ नयेत; पाहायला दाखवावीत, झेरॉक्स द्यावी.

फोन तिनेच केले. मी शेजारी बसले होते.

शहरातल्या रुग्णालयाच्या मेट्रन मॅडम कडक वाटल्या, पण त्यांनी आकडे दिले. आयसीयूत नव्या मुलींना चार आठवडे सोबत, नंतर गरज पडेल तसे. नाईटला दोन रुग्ण, कधी तीन. मुलीने माझ्याकडे पाहिले. मग तिने आपण होऊन विचारले, "मॅडम, मी आधी मेडिकल वॉर्ड केला तर चालेल का?" पलीकडे क्षणभर शांतता. असे विचारणारी त्यांना फारशी भेटत नसावी. उत्तर आले : चालेल, पण आयसीयूचा भत्ता मिळणार नाही. त्या वॉर्डात नाईटला एका परिचारिकेकडे आठ रुग्ण, मजल्यावर दोन अनुभवी सिस्टर, पहिले आठ आठवडे एकटीला नाईट नाही. बाँड एक वर्षाचा.

नंतर लहान रुग्णालयाला फोन. तिथल्या सिस्टर मला ओळखतात, मनाने फार चांगल्या आहेत. त्यांनी मोकळेपणाने सांगितले की नाईटला एकच परिचारिका असते. अठ्ठावीस खाटा, लेबर रूम आणि अपघाताचे कोणी आले तर तेही तिच्याकडेच. डॉक्टर आवारात राहतात, हाक मारली की येतात. नव्या मुलीला पहिल्याच महिन्यात नाईट लागेल, कारण माणसेच नाहीत.

बंधुभगिनींनो, मला इथे गप्प बसावे लागले. ज्या प्रकारच्या रुग्णालयात माझे आयुष्य गेले, तेच माझ्या वहीतल्या प्रश्नांना उतरले नाही. आमच्या काळीही असेच होते आणि आम्ही निभावले, असे म्हणायची फार इच्छा झाली. पण आम्ही निभावले तेव्हा कोणाकोणाचे काय झाले, याचा हिशोब आम्ही ठेवलेला नाही. लहान रुग्णालयाला सगळ्या बाजूंचे काम येणारी, एकटीने निर्णय घेणारी परिचारिका लागते. अशी परिचारिका तीन वर्षांच्या अनुभवानंतर तिथे यावी. आपण मात्र तिथे सर्वांत नव्या मुलीला पाठवतो, कारण कमी पगारात तीच येते.

तिने शहरातला मेडिकल वॉर्ड घेतला. आयसीयूपेक्षा पगार कमी, लहान रुग्णालयापेक्षा साडेतीन हजारांनी जास्त. भाऊ दोन दिवस बोलला नाही. वडिलांनी विचारले, उसने पैसे कधी फिटतील? तिने कागदावर हिशोब मांडून दाखवला : वर्ष आणि चार महिने. आईने पिशवीत नागलीचे पीठ बांधून दिले.

आता तिला चौथा महिना चालू आहे. गेल्या रविवारी उपासनेनंतर तिचा फोन आला. नाईट सुरू झाल्या आहेत, पाय दुखतात, कॅन्टीनचे जेवण आवडत नाही. पहिल्या एकट्या नाईटला एका आजींचे श्वास तिने दोनदा मोजले, दोन्ही वेळा 28 आले, म्हणून मजल्यावरच्या सीनियर सिस्टरला बोलावले. त्या आल्या, त्यांनीही मोजले, आणि डॉक्टरांना फोन करताना रिसीव्हर तिच्याच हाती देऊन म्हणाल्या, "तूच सांग, काय पाहिलंस ते." काय काय सांगायचे ते तिने आधी तळहातावर पेनने लिहून घेतले होते, असे ती मला हसत हसत म्हणाली.

लहान रुग्णालयाच्या सिस्टरांनी मला दोनदा विचारले आहे की बाँड संपल्यावर ती इकडे येईल का. मी त्यांना सांगितले, तिलाच विचारा. आणि विचारण्याआधी नाईटला दुसरी एक अनुभवी सिस्टर ठेवता येते का ते पाहा, कारण ती वही अजून तिच्याकडे आहे.